हेराच्या मरणाची चोरी

१

हेराचं मरण चोरीला गेलं, ही बातमी सिद्रामप्पा कोरे यांना तोंडात ब्रश असताना कळली. बातमी घेऊन दारात सरफराज उभा होता. सोलापूरच्या विजापूर वेशीत त्याचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान, आणि लग्नाच्या तारखांतून सवड मिळाली की दोस्तांना गोळा करून सिनेमे काढायचा नाद.

"आप्पा, सीन गेला," तो म्हणाला. "मकदूमभाईचा मरायचा सीन. कॉम्प्युटरमधनं गेला, जादा ठेवलेल्या डिस्कमधनं बी गेला. बाकी सिनेमा हाय तसा हाय."

"मग पोलिसात जा. माझ्याकडे कशाला?"

"पोलीस हसतील की, आप्पा."

आप्पांनी खळाळून चूळ भरली. हसणं हा शब्द या घरात जपून काढायचा असतो, हे पोरगं विसरलं होतं. आयुष्यभर रहस्यकथा लिहून आप्पांनी 'हेर विश्वजित' नावाचा एक करारी, कधीही न हसणारा माणूस उभा केला होता. एके काळी एसटी स्टँडवर त्याची पुस्तकं शेंगांसारखी खपत. आणि सरफराजच्या टोळीनं त्याच विश्वजितची टर उडवणारा सिनेमा काढला होता, 'काळा कोट, काळी रात'. सोलापूरच्या मे महिन्यात हेराच्या अंगात लोकरी कोट. रहस्यमय धुकं म्हणजे डास मारायच्या मशीनचा धूर, आणि खिडकीच्या पट्ट्यांच्या त्या भयाण सावल्या बाजेच्या विणीतून पाडलेल्या. आप्पांनी चहाच्या एका कपावर परवानगी दिली होती आणि पुढचे सहा महिने हात चोळले होते. विडंबन करणारे म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणारे, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

हेराचं काम केलं होतं मकदूमनं. रिक्षाच्या गाद्या शिवणारा माणूस, पण उभा राहिला की गल्ली हसायची. त्याच्या मरणाचा सीन म्हणजे सिनेमाचा कळस, असं सगळे सांगत. हेराला गोळी लागते, तो मरतो. मदतनीस ओरडतो, "साहेब, एक पुरावा राहिला!" की हेर उठतो, तो पुरावा सांगतो आणि पुन्हा मरतो. पुन्हा हाक, पुन्हा उठणं. शूटिंग संपलं आणि गेल्या महिन्यात मकदूम खरोखरच गेला. भरदुपारी, दुकानात, छातीत कळ येऊन.

सरफराजच्या मागं रिक्षा उभी होती. तिच्यातून मकदूमची बायको माजिदा उतरली आणि सरळ आप्पांपुढं येऊन थांबली.

"आप्पा, तुमच्यावर आळ येतोय, म्हाईत हाय न्हवं? सगळे म्हनतात, आप्पांनाच राग होता सिनेमाचा."

"तुला काय वाटतं?"

"मला काय बी वाटत न्हाय. मला सीन पायजे." तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला. "मी त्यांचं शूटिंग कदी बगितलं न्हाय. घरी येऊन सांगायचे, मरतो आन उठतो, मरतो आन उठतो, तू पोट धरून हसशील बग. आन गेले ते दुकानात एकटेच. कुनी बगायला न्हाय, पानी द्यायला न्हाय. रविवारी सिनेमा लागनार. मला त्यांना एकदा उठताना बगायचंय. येवडंच."

आप्पांनी डोळे पुसायचे सोडून तोंड पुसलं. मग आत जाऊन डोक्यावर टोपी चढवली.

२

सरफराजच्या दुकानात कॉम्प्युटरपुढं ऋतुजा बसली होती. सिनेमा कापायचं आणि जोडायचं सगळं काम तिचं. शेजारच्या स्टुलावर अझरुद्दीन, सिनेमातला खलनायक. तो घरून रुसूनच आल्यासारखा दिसत होता.

आप्पांनी आधी एकच गोष्ट विचारली. नक्की काय काय गेलंय?

"तो सीन," ऋतुजा म्हणाली. "आणि त्याच सीनच्या तालमी, मोबाइलवर घेतलेल्या. दुसरं काहीही नाही. आणि खरं सांगते आप्पा, सगळ्यात आधी माझ्यावरच संशय घ्या. मकदूमकाका गेले तेव्हा मीच सरफराजला म्हटलं होतं, हा सीन काढून टाकू. मेलेल्या माणसाच्या मरणावर हॉलभर लोकांनी हसायचं, मला बरं वाटेना."

"मग?"

"माजिदाचाची आल्या आणि म्हणाल्या, राहू दे. म्हणून ठेवला."

आप्पा मान हलवून अझरुद्दीनकडं वळले. त्याचं दुखणं गल्लीला पाठ होतं. मकदूमचं मरण लांबलं म्हणून त्याची मारामारी कापली गेली होती, आणि त्यावरून दोघांत शूटिंगच्या जागीच वाजलं होतं.

"भांडलो की," अझरुद्दीन म्हणाला. "खोटं कशाला बोलू? फायटिंगसाठी मी गुडघे फोडून घेतलते. पन आप्पा, सगळ्या सिनेमात माझी टोपी तेवडी दिसते. गोळी मारताना म्हनून त्या सीनमदी माझा चेहरा पडदाभर हाय. आमच्या घरच्यांना काय टोपी दाखवू?"

हे मात्र पटण्यासारखं होतं. नटाच्या रागावर एक वेळ विश्वास ठेवू नये, त्याच्या चेहऱ्याच्या हौसेवर डोळे मिटून ठेवावा.

आप्पांनी खुर्ची ओढली. चाळीस वर्षं कागदावर चोर पकडलेले, पण खऱ्या चोरीत बोट घालायची ही पहिलीच वेळ. तरी जीभ आपोआप विश्वजितसारखी चालू लागली.

"ऋतुजाला सीन नको असता तर तिला चोरी करायची गरज नव्हती. कात्री तिच्याच हातात आहे. म्हणाली असती, फाइल खराब झाली, आणि तुम्ही मान डोलावली असती. अझरुद्दीन स्वतःचा चेहरा चोरणार नाही. राहिलो मी. मला राग होताच, अजून आहे. पण माझा राग अख्ख्या सिनेमावर. मी नेला असता तर सगळाच नेला असता, तोही या पोराच्या धुराच्या मशीनसकट."

सरफराज कसनुसा हसला.

"हा चोर सिनेमाचा वैरी नाही," आप्पा पुढं म्हणाले. "बाकी सिनेमाला त्यानं हातही लावलेला नाही. त्याला फक्त एकच गोष्ट नको आहे. मकदूम मरताना कुणाला दिसू नये. तालमीतसुद्धा दिसू नये."

 अझरुद्दीन हळूच म्हणाला, "रेवणला विचारून बगा, आप्पा. लग्नाच्या शूटिंगला तो असतो सरफराजबरोबर, हितलं सगळं त्याला येतं. आन त्या सीनमदी मकदूमभाईजवळ तोच हाय."

३

रेवणसिद्ध मूळचा दुधनीचा. तरुणपणी सोलापुरात आला तो मकदूमच्या शेजारच्या खोलीत, आणि पुढं दोघांची जोडी कुणाला वेगळी आठवेना. लग्नाच्या वरातीत नकला असोत की सिनेमा, मकदूम बोलणार आणि रेवण हाक देणार. सिनेमात हेराचा मदतनीस तोच. मकदूम गेल्यापासून त्याचं दुकानही तोच चालवत होता आणि आलेला पैसा न पैसा माजिदाकडं पोचवत होता.

दुकानाकडं जाताना आप्पांना एक जुनी बोच पुन्हा लागली. मकदूम गेला त्या दिवशी सकाळी त्यानं आप्पांना फोन केला होता.

"आप्पा, तो सीन मी परत शूट करायला लावनार हाय. तिसऱ्यांदा उठायला कारन घावंना. तुमचा हेर कशासाठी उठंल हो?"

"माझा हेर उठणारच नाही!" आप्पा भडकले होते. "आणि उठलाच तर वहाणा काढायला उठेल. आमच्यात वहाणा घालून मरत नाहीत."

पलीकडून मकदूमचं ते गडगडाटी हसू. "आप्पा, तुमी तर आमचे उस्ताद निगाला की!" आप्पांनी फोन कट केला होता. संध्याकाळी मकदूम गेल्याचं कळलं. हे बोलणं त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय, की जन्मात एकच विनोद केला आणि ऐकणारा त्याच दिवशी गेला?

रेवण मशीनवर रिक्षाची गादी शिवत होता. आप्पांना बघून त्यानं पटकन स्टूल पुसून दिलं.

"त्या दिवशी तूच त्याला बघितलंस ना पहिल्यांदा?" आप्पांनी विचारलं.

"व्हय. दुपारी आलतो जेवायच्या वक्ताला, तर हितं असे पडलेले." रेवणनं मशीनपुढची फरशी दाखवली. "गार झालते."

"त्याच्या आधी बोलणं काही? फोन?"

"न्हाय आप्पा. भेट न्हाय, फोन न्हाय. आदल्या दिवशी रातीपासनं आमचं बोलनंच न्हाय झालं. तेच खातंय मला."

 आप्पांनी विषय बदलला. "मी तो सीन बघितलेला नाही, रेवण. आता बघायला मिळतो की नाही कुणास ठाऊक. मकदूम कसा मरायचा, मला दाखवतोस?"

रेवण नको नको म्हणाला, पण नकलाकाराच्या अंगातली खाज कुठं जाते! तो उठला, छातीवर हात घेतला आणि बघता बघता आप्पांच्या समोर मकदूम उभा राहिला. तीच मान, तोच तिरका खांदा. मकदूम पडला, उठला, गॉगल सारखा करून पुरावा सांगितला, पुन्हा पडला. पुन्हा उठला.

"आन मग तिसऱ्यांदा उठतात ते वहाना काढायला," रेवण जमिनीवरून म्हणाला. "म्हनतात, वहाना घालून मेलो तर म्हातारी घरात घ्यायची न्हाय. एक काढतात. दुसरी निगंना…"

तो मध्येच थांबला. उठून पँट झटकली आणि मशीनवर जाऊन बसला. "असंच काय तरी," म्हणाला.

आप्पा दुकानातून निघाले ते छाती फुगवून. आपला विनोद सिनेमात गेला! ज्या सिनेमाला सहा महिने शिव्या घातल्या त्याच्या कळसावर आपलं वाक्य आहे, या विचारानं गालावरच्या सुरकुत्या आपोआप सैल झाल्या. गर्वाचं घर खाली म्हणतात ते उगीच नाही. हेर विश्वजित असता तर त्याच फरशीवर थांबला असता. आप्पा मात्र चहा प्यायला गेले.

४

"ते वाक्य माझं होतं, बरं का," आप्पा दुकानात येऊन ऋतुजाला म्हणाले. आवाज त्यांनी मुद्दाम साधा ठेवला होता.

"कुठलं?"

"वहाणांचं. हेर तिसऱ्यांदा उठतो ते."

ऋतुजानं कॉम्प्युटरवरची मान वळवली. "आप्पा, तिसऱ्यांदा तो उठतच नाही. दोनदा उठतो आणि सीन संपतो. म्हणूनच तर मकदूमकाकांना तो परत करायचा होता, शेवट पडतो म्हणायचे. आणि वहाणा कुठल्या? हेराच्या पायात बूट आहेत."

"बूट?"

"गुडघ्यापर्यंत. काढायला दोन माणसं लागायची."

आप्पांच्या तोंडातली चहाची चव गेली. ते खाली बसले. सरफराजनं पाणी दिलं तेही त्यांनी घेतलं नाही.

वहाणांचा विनोद सिनेमात नव्हता. तालमीत असणं शक्य नव्हतं, कारण तो जन्माला आला मकदूमच्या शेवटच्या सकाळी, फोनवर, आप्पांच्याच तोंडून. आप्पांनी तो कुणाला सांगितला नव्हता. म्हणजे सांगणारा एकच, मकदूम. आणि मकदूमकडून तो ऐकायचा तर त्या सकाळनंतर मकदूम जिवंत असताना त्याला भेटायला हवं. रेवण म्हणत होता, भेट नाही, फोन नाही, आलो तेव्हा गार झाले होते.

आणि रेवणनं तो नुसता ऐकलेला नव्हता. एक वहाण निघते, दुसरी निघत नाही. हे त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं.

"आप्पा, कोन हाय ते?" सरफराजनं विचारलं.

आयुष्यभर आप्पांनी याच जागी विश्वजितला उभं केलं होतं, सगळ्यांना एका खोलीत जमवून, बोट रोखून. आत्ता त्यांचं बोट उचलेना. "तुम्ही इथंच थांबा," ते म्हणाले आणि एकटेच बाहेर पडले.

५

जेवणाची वेळ होती. गल्लीतली शटरं उन्हानं अर्धी खाली आलेली. रेवणनं आप्पांना परत आलेलं बघितलं आणि मशीनवरचा पाय काढून घेतला.

"रेवण," आप्पा म्हणाले, "सिनेमात हेराच्या पायात बूट आहेत."

पुढचं काही सांगावं लागलं नाही. रेवणनं मशीनवरची गादी बाजूला ठेवली.

"मी बारालाच आलतो, आप्पा," तो म्हणाला. "लई खुशीत होते. म्हनले, रेवण, तिसरं कारन घावलं, आप्पांनी दिलं, बग आता. आन हितंच, ह्या फरशीवर करून दाखवायला लागले. पडले, उठले. पडले, उठले. मग वहान काढली एक. दुसरी वडत होते, तवा तोंड असं वाकडं केलं… लई भारी केलं, आप्पा. मी हसून हसून खाली बसलो. मग आडवे झाले."

त्यानं फरशीवर पडलेला दोऱ्याचा तुकडा उचलून बोटाला गुंडाळला. 

"मी हाक दिली. साहेब, एक पुरावा राहिला. उठंनात. मला वाटलं, तानतायत. पब्लिकला तानायची सवयच त्यांची. मी परत हाक दिली. टाळ्या वाजवल्या, आप्पा. मी टाळ्या वाजवल्या. हात लावून बगितलं तवा कळलं."

"मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? मानूस मरत होता आन मी हसत होतो? यप्पा, कोन्त्या तोंडानं सांगू?" रेवणनं पँटच्या चोरखिशातून एक छोटा पेनड्राइव्ह काढून आप्पांच्या हातात ठेवला. "पुसून टाकायला न्हाय जमलं. त्यात ते हायत की. पन रविवारी सगळे हसनार, आन मी पडद्यावर हाक देनार, साहेब, एक पुरावा राहिला. मला ते न्हाय सोसवायचं."

दाराशी डब्याची कडी वाजली. माजिदा उभी होती. रेवणसाठी रोज दुपारी तीच जेवण आणायची. किती ऐकलं, हे विचारायची गरज नव्हती, तिचा चेहराच सांगत होता. आप्पांना वाटलं आपण मध्ये पडावं. हजारो पानं लिहिलेल्या माणसाला एक वाक्य सापडलं नाही.

"म्हंजी तू हितं होतास," माजिदा म्हणाली.

"व्हय भाभी."

"आन हसत होतास."

"व्हय."

तिनं डबा खाली ठेवला. "दवाखाना पलीकडच्या गल्लीत हाय रे, रेवण."

रेवण भिंतीला टेकला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. माजिदानं त्याला गप्प केलं नाही, की शिवीही दिली नाही. आप्पांच्या हातातून पेनड्राइव्ह घेतला, पदराच्या टोकाला बांधला आणि उन्हात चालू लागली. चार पावलं गेल्यावर मागं न बघता म्हणाली, "रविवारी ये. माज्या शेजारी बसायचं."

६

रविवारी दुपारी मंगल कार्यालय भरलं होतं. गाद्या शिवून घेणारे रिक्षावाले सहकुटुंब आले होते. सीन परत मिळाला एवढंच सगळ्यांना माहीत होतं. कुणी नेला होता, हे आप्पांनी सरफराजलाही सांगितलं नाही. त्यांच्या जन्मातली ही पहिली रहस्यकथा, जिच्यात चोराचं नाव शेवटी आलं नाही.

दुसऱ्या रांगेत माजिदा, तिच्या शेजारी रेवण मान खाली घालून, त्याच्या पलीकडं आप्पा. लोकरी कोट आला तशी लोकांत खसखस पिकली. डासांच्या धुरात हेर ठसकला तेव्हा मागं पोरं खिदळली. मग अझरुद्दीनचा चेहरा पडदाभर झाला, गोळी सुटली, मकदूम छातीवर हात धरून कोसळला, आणि सगळा हॉल एकदम गप्प झाला. बायकांनी पदर तोंडाला लावले. प्रत्येकाला तीच दुपार आठवली असणार.

"साहेब, एक पुरावा राहिला!" पडद्यावरचा रेवण ओरडला. खुर्चीतल्या रेवणनं डोळे गच्च मिटून घेतले.

मकदूम उठला. माजिदाचा श्वास आप्पांना ऐकू आला. त्यानं गॉगल सारखा केला, लोकांकडं बघितलं आणि थांबला. वरातीत नकला करून करून त्याला ती सवयच लागली होती. माणसं हसतील म्हणून तो पुढच्या वाक्याआधी जागा सोडायचा. त्यानं जागा सोडली होती, आणि हॉलमध्ये कुणी हूं की चूं करत नव्हतं. विडंबनानं आपलं वाटोळं केलं असं म्हणणाऱ्या आप्पांना त्या क्षणी एवढंच वाटलं, की कुणीतरी हसा रे. पण त्यांना स्वतःलाही हसू फुटेना.

माजिदानं रेवणचं मनगट धरलं.

"हस की रे," ती म्हणाली.

रेवणनं मान हलवली. त्याच्याकडून होत नव्हतं.

"हस. ते थांबलेत."

रेवणनं डोळे उघडून वर बघितलं. आधी घशातून नुसताच आवाज आला, मग तो हसला. गालावरून पाणी वाहत होतं आणि तो खदाखदा हसत होता, मांडीवर हात मारून, त्या दुपारी हसला असेल तसा. माजिदा हसली. मागून कुणीतरी हसलं, मग रिक्षावाले, पोरं, बायका, सगळा हॉल. आप्पांची टोपी खाली पडली आणि ती उचलायचं त्यांना भान राहिलं नाही. पडद्यावर मकदूमनं तोंड उघडून पुरावा सांगितला, पण त्या हसण्यात तो कुणालाच ऐकू गेला नाही.